फळीचं विमानभाडं

उन्हाळा आधी माझ्या नाकाला कळतो, कॅलेंडरला नंतर. एप्रिल सरत आला की रस्त्यावरच्या एखाद्या गाडीवरून कापलेल्या कलिंगडाचा वास येतो, आणि त्यात तापलेल्या वाळूचा न् शेवाळलेल्या दगडांचा वास मी माझ्याच पदरचा मिसळतो. तो पुण्यात कुठेच नसतो. पुण्यात नदी आहे असं लोक म्हणतात. मी वाद घालत नाही, पण ज्यानं पहिला श्वास कृष्णेच्या काठावर घेतला त्याला हे पटवणं अवघड आहे.

यंदा उन्हाळ्यानं मला विमानतळावर गाठलं. मुलगी बंगळुरूला असते, तिच्याकडे निघालो होतो. रांगेत माझ्यापुढे एक तरुण जोडपं होतं आणि त्यांच्याजवळ माणूस झोपवता येईल एवढी लांबलचक पिशवी. काउंटरवरच्या मुलीनं पिशवी काट्यावर ठेवायला सांगितली. ती आडवी मावेना, तिरपी मावेना, उभी केली तर कलंडायला लागली. शेवटी मुलीनं संगणकात पाहून जादा सामानाचा आकडा सांगितला. नवऱ्याचा चेहरा पडला. बायको म्हणाली, 'एवढ्यात तिसरं तिकीट आलं असतं.' मला राहवेना. आत काय आहे म्हणून विचारलं. 'स्टँड-अप पॅडलबोर्ड, काका,' तो म्हणाला. 'पाण्यावर उभं राहून वल्हवायची फळी.' आणि म्हाताऱ्याला समजावं म्हणून त्यानं जागच्या जागी हवेत वल्हं मारून दाखवलं. मी मान हलवली. त्याला बरंच काही सांगता आलं असतं, पण मागची माणसं चुळबुळ करत होती. त्यानं कार्ड पुढे केलं आणि मोकळा झाला.

विमानात खिडकीजवळची जागा मिळाली होती. शेजारचे गृहस्थ पट्टा बांधून लगेच घोरायला लागले. मला त्या तासाभरात खालचं काहीच दिसलं नाही. नव्वदीच्या मधला एक उन्हाळा मी पुन्हा काढून बसलो होतो. वर्ष नक्की कुठलं ते मी मुद्दाम मोजत नाही. मोजलं की आबांना जाऊन किती वर्षं झाली तेही मोजावं लागतं.

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णा सांगलीकडे निघते त्या अंगाला. उन्हाळ्यात नदी अंग चोरून बसते. अर्ध्या पात्रात वाळू, वाळूत कलिंगडाचे वेल, काठाला ऊसवाल्यांच्या इंजिनांचे पाइप, आणि मधे मधे हिरवेगार डोह. आबा म्हणजे माझे वडील. ते काही त्या डोहांचे मालक नव्हते, पण गावात कुणालाही विचारलं असतं तर त्यानं तसंच सांगितलं असतं. ते पलटणीत होते, पूल बांधणाऱ्या तुकडीत. तिथून सुटून आले ते गावच्या पोरांना पोहायला शिकवायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी काही देतही नव्हतं. वार्षिक परीक्षा संपली की पोरं पांगाऱ्याचे बिंडे घेऊन घाटावर हजर. पांगाऱ्याचं लाकूड वाळलं की एकदम हलकं होतं. त्याचा ओंडका पाठीला बांधायचा आणि डोहात पडायचं, ही आमच्याकडची पोहण्याची शाळा. आबांची त्यात एक खोड होती. संध्याकाळी सगळे बिंडे ते स्वतःकडे ठेवून घेत आणि सुताराच्या वाकसानं रोज थोडे थोडे तासत. पोराला पत्ता नसे. दहा-बारा दिवसांनी त्याच्या पाठीवर हातभर काठी उरलेली असे आणि ते डोह पार करत असे. मग आबा पलीकडून ओरडायचे, 'आता ती काठी सोड आन् चुलीत घाल.'

आबांच्या लहानपणी आमच्या वस्तीचा घाट निराळा होता, गावाच्या खालच्या बाजूला. पुढे कायदा बदलला, आम्ही धर्म बदलला, घाट मात्र होता तिथंच राहिला. गंमत अशी की आबांच्या शाळेसाठी वरच्या आळीतल्या बाया आपली पोरं हाताला धरून त्याच खालच्या घाटावर आणून सोडायच्या. 'आवं आबा, जरा बगा ह्येच्याकडं. लय भितंय पाण्याला.' आबा त्यावर कधी काही बोलले नाहीत. फक्त एकदा, मी बिंड्याच्या दोऱ्या सोडवत बसलो होतो तेव्हा म्हणाले, 'पाण्यात पडल्यावर समदी सारखीच गटांगळी खात्यात.'

त्याच शाळेच्या जिवावर मला मस्कतला नोकरी लागली. समुद्रकाठचं हॉटेल. गळ्यात शिट्टी घालून छत्रीखाली बसायचं आणि कुणी बुडत नाही ना हे बघायचं. चार वर्षांत कुणीही बुडालं नाही. लोकांना हे सुखाचं काम वाटतं, मलाही पहिले पंधरा दिवस वाटलं. मग कळायला लागलं, की दिवसभर दुसऱ्याच्या सुट्टीकडे बघत बसणं म्हणजे काय असतं. सगळे ओले, हसणारे, एकमेकांच्या पाठीला तेल लावणारे, आणि तुम्ही एकटे कोरडे. हे तेव्हा सांगायला कुणी नव्हतं. माझ्याबरोबर खोलीत राहणाऱ्या कुणाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, गड्या, आमी उन्हात सळई वाकवतोय, तुला सावलीत बसून दुखतंय व्हय. आणि त्याचं बरोबरच होतं.

दुसऱ्या वर्षी आईचं पत्र आलं, शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. आबांची डावी बाजू गेली होती. जिवाला धोका नाही, काळजी करू नये, असं मास्तरांनी सुंदर अक्षरात लिहिलं होतं. पुढच्या सगळ्या पत्रांचा शेवट एकच असायचा. आबा विहाराच्या पायरीवर बसतात आणि नदीकडे बघतात. शिकवलेली पोरं पुण्या-मुंबईला गेली, उरली ती आपापल्या कामात. दोन उन्हाळे झाले, आबांकडे कुणी फिरकत नाही. आईनं हे तक्रार म्हणून सांगितलेलं नसणार, पण मी आलेलं पत्र उशीखाली ठेवून झोपायचो आणि सकाळी मान आखडलेली असायची.

हॉटेलात एक जुनी शिडाची फळी होती. शीड फाटलेलं, डोलकाठी मोडलेली. आम्ही राखणदार तिच्यावर उभे राहून होडीच्या वल्ह्यानं ती चालवायचो आणि आत लांब गेलेल्या पाहुण्यांना माघारी बोलवायला जायचो. साडेअकरा फूट लांब, पांढरी, पोटात फेस भरलेली. एकदा एक थकलेले पाहुणे आले. चालताना त्यांना दोन्ही बाजूंनी माणूस लागायचा. त्यांना आम्ही त्या फळीवर पालथं निजवलं आणि उथळ पाण्यात सोडलं. अर्धा तास ते तसेच तरंगत राहिले, गाल फळीला लावून, एक हात पाण्यात. त्यांचा चेहरा बघितला आणि माझं ठरलं. हंगाम संपल्यावर मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, घेऊन जा, नाहीतरी कचऱ्यातच जायची आहे.

आता आमच्या खोलीचा रिवाज सांगायला हवा. एका खोलीत आम्ही सहा जण, सगळे सातारा-सांगलीकडचे. गावी जाणाऱ्याला विमानात वीस किलो नेता यायचे. त्यातले दहा त्याचे, आणि मागे राहणाऱ्या पाच जणांचे दोन-दोन. हे कुणी लिहिलेलं नव्हतं, पण कुणी मोडलेलंही नव्हतं. दोन किलोत माणूस काय काय बसवायचा! बापाला स्वेटर, बायकोला साडी, पोराला बॅटरीवर चालणारी मोटार, मधल्या फटीत साबणाच्या वड्या. गावी गेलेल्यानं घरोघर जाऊन ते पोचवायचं, चहा घ्यायचा, आणि 'तुमचा मजेत हाय, अंगानं भरलाय' असं धडधडीत खोटं सांगून यायचं. जाणारा एक असायचा, पण त्याच्या हातानं सहाही जण घरी जाऊन यायचे.

मी फळी नेणार म्हणजे कुणाचेच दोन किलो नेणार नाही. हे सांगितलं तेव्हा सगळे आपापल्या अंथरुणाकडे वळले. दत्तू नावाचा फलटणच्या बाजूचा एक जण माझ्या वरच्या बाकावर झोपायचा. तेवढा खाली उतरला.

'फळी नेतूयास?'

'व्हय.'

'आन् माज्या पोरीचं दप्तर ऱ्हाऊ दे म्हणतूस.'

'आबांसाठी हाय रं ती, दत्तू. पाण्यात घालायचंय त्येस्नी.'

'आबा तुजं हायती. पोरगी माजी हाय.'

एवढं बोलून तो वर चढला. त्यानंतर निघायच्या दिवसापर्यंत खोलीतलं कुणी माझ्याशी बोललं नाही. माझ्या वाटचा चहा गाळून ठेवायचे, पण हाक मारायचे नाहीत. मी तो गार झालेला चहा प्यायचो.

फळी दोन चादरींत गुंडाळून, सुतळीनं आवळून मी एकटाच विमानतळावर गेलो. वजन खोलीवरच करून नेलं होतं. फळीचे पंधरा, कपड्यांचे पाच, झाले वीस. मी माझ्या हुशारीवर खूश होतो. काउंटरवरच्या माणसानं फळी काट्यावर ठेवलीच नाही, त्यानं टेप काढली. लांबी घेतली, रुंदी घेतली, जाडी घेतली. मग शांतपणे म्हणाला, एवढ्या मोठ्या वस्तूचं भाडं वजनावर नसतं, ती जेवढी जागा अडवते त्यावर असतं. हिशेब पंचावन्न किलोंचा झाला. माझ्या तिकिटापेक्षा जास्त. जवळजवळ तीन महिन्यांचा पगार.

तेवढे पैसे माझ्याजवळ होते आणि ते कशाचे आहेत हे मला चांगलं माहीत होतं. ते रिक्षाच्या बयाण्याचे होते. मी मस्कतला परत जाणारच नव्हतो. कराडजवळ मलकापूरच्या फाट्यावर रिक्षा लावायची, आणि संध्याकाळी आबांजवळ असायचं. तसं मी पत्रानं घरी कळवलंसुद्धा होतं, आता येतो तो राहायलाच. हॉटेलच्या सुट्टीच्या कागदावर सही केली होती ती नुसती रीत म्हणून. दोन महिन्यांत परतलो नाही तर नोकरी गेली, एवढाच त्या कागदाचा अर्थ होता.

फळी तिथंच टाकून देता आली असती. पण मग पाच जणांच्या घरचे दहा किलो मी उगाच बुडवले असा अर्थ झाला असता. खोलीवर परत न्यायची तर कुठल्या तोंडानं? आणि मागे रांग होती. माणसाच्या आयुष्यातले निम्मे निर्णय मागच्या माणसाच्या उसाशाला भिऊन होतात, असं माझं अनुभवाचं मत आहे. मी खिशातून पाकीट काढलं आणि नोटा मोजून दिल्या. रिक्षाचं कसंही जमवू, कुठून तरी हातउसने मिळतील, असं तेव्हा खरंच वाटलं होतं.

मुंबईला कस्टमच्या एका साहेबानं फळी टिचक्या मारून सगळीकडून वाजवून पाहिली. आखातातून येणाऱ्यांच्या सामानात सोनं शोधायचे ते दिवस होते. आत काय आहे? फेस. आणखी? आणखी काही नाही, साहेब. मग आणली कशाला? याला माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते त्या रांगेत उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. पुढे एसटीच्या टपावर ती चढवली तेव्हा कंडक्टर विचारात पडला. 'हिला काय लावू? पेटी म्हणावं तर लय लांब, माणूस म्हणावं तर बोलत न्हाई.' शेवटी त्यानं अर्धं तिकीट फाडलं. 'झोपून चाललीया, म्हणून हाफ.' साताऱ्याला गाडी बदलताना मी तिला टपावरून उतरवली, पुन्हा चढवली. त्या उन्हात चादरीतून तिचा रबरासारखा वास येत होता आणि मला ती एकदम परकी वाटली.

आबा विहाराच्या पायरीवरच होते. डावा हात मांडीवर ठेवलेला, उजव्या हाताशी काठी. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग फळीकडे, मग परत माझ्याकडे. बोलणं थोडं जड झालं होतं, पण कळायचं.

'आलास?'

'आलो, आबा.'

'ऱ्हाणार न्हवं आता?'

'व्हय.'

मग त्यांनी काठीनं फळीकडे खूण केली. 'ह्ये काय?'

'तुमास्नी नदीत न्यायला.'

मी चादरी सोडल्या. आबांनी उजव्या हातानं फळीवर थाप मारली, तळवा कडेपर्यंत फिरवला, कडा अंगठ्यानं दाबून बघितली. पांगाऱ्याचं लाकूड वाळलंय का हे बघायची त्यांची तीच पद्धत होती. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला म्हणून की काय, त्यांनी विचारलं, 'इमानानं आणलीस? किती घेतलं रं हिचं?'

'फुकट,' मी म्हणालो. 'हॉटेलात फुकट मिळाली आन् इमानातबी फुकटच आली.'

पहिलं खरं होतं, म्हणून दुसरं सहज निघालं. आबांना आकडा कळला असता तर त्यांनी त्या फळीवर बोटसुद्धा ठेवलं नसतं. पलटणीतल्या माणसाला उधळपट्टीएवढी चीड कशाचीच नसते. एका उन्हाळ्यापुरतं खोटं आहे, पुढे सांगू कधीतरी, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आबांना नदीवर नेलं, आणि तिथं आम्ही एक चूक केली. घाटाची वाट अरुंद आणि उताराची. आबांना चालत नेता येईना, पाठीवर घ्यावं तर फळी कोण आणणार? मग वस्तीतले तिघं आणि मी अशा चौघांनी आबांना फळीवर उताणं निजवलं, पडू नयेत म्हणून कमरेला पंचा बांधला आणि फळी खांद्यावर घेतली. ऊन लागायला नको म्हणून आईनं वरून पांढरी चादर टाकली, आणि निघालो. आमचं सगळं लक्ष पायाखाली. गावाला मात्र काय दिसलं असेल? चार माणसांच्या खांद्यावर पांढऱ्या चादरीतला माणूस, आणि चौघं नदीकडे निघालेले.

पहिली म्हातारी दारात आली, पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. मास्तर टोपी काढून बाजूला उभे राहिले. आम्हाला वाटलं, आबा घराबाहेर पडले म्हणून लोकांना भरून येतंय. कुणीतरी सायकलवरून वरच्या आळीत गेलं, दुकानांच्या फळ्या लागल्या, इंजिनं बंद झाली. आम्ही आबांना पाण्यात उतरवलं, पालथं केलं आणि मागं वळून बघितलं, तर दोन्ही काठ माणसांनी भरलेले. टॉवेल डोक्याला गुंडाळलेले, अर्धी दाढी झालेले, उसाच्या फडातून तसेच चिखलाच्या पायांनी आलेले. बहुतेक सगळे आबांच्या शाळेतले. एकाच्या हातात तर हार होता. लाकडंही सांगून झाली आहेत हे नंतर कळलं.

आणि मधे डोहात आबा. एकच हात चालत होता, त्यामुळे फळी सरळ न जाता गोल फिरायला लागली. दर फेऱ्याला आबांचं तोंड काठाकडे व्हायचं आणि पुन्हा वळायचं. मग काठावरून कुणीतरी भीत भीत विचारलं, 'आवं आबा, हाय न्हवं तुमी?'

'हाय अजून,' आबा म्हणाले.

पहिल्यांदा मास्तर हसले, मग हळूहळू सगळा काठ. हारवाल्याला काही सुचेना. तो विजारीसकट छातीभर पाण्यात चालत आला आणि त्यानं तो हार आबांच्या गळ्यात घातला. आबा आणखी एक फेरा फिरले. मी शेजारी पोहत होतो. ते हळूच म्हणाले, 'लय दिसानं आली रं समदी. त्येला मराया लागतंय व्हय?' मला हसू आलं, आणि नंतर पाण्यात तोंड घालावं लागलं.

त्यानंतरचे पाच-सहा आठवडे आबा रोज पाण्यात होते. पोरं पुन्हा यायला लागली. आबा फळीवर पालथे पडून हुकूम सोडायचे, मी मागून फळीला दिशा द्यायचो. आमच्या दोघांत त्या दिवसांत जेवढं बोलणं झालं तेवढं आधी कधीच झालं नव्हतं, आणि तेही बहुतेक 'जरा डावीकडं', 'ढकल', 'बास' एवढंच. दुपार कलली की डोहाच्या तळाशी हिरवा उजेड पडायचा. मी बुडी मारून फळीखालून जायचो, तेव्हा वर आबांचा हात दिसायचा, सावकाश पाणी मागं सारणारा. तसं सुख मला पुन्हा कधी लाभलं नाही. आणि त्याच वेळी रिक्षाही डोक्यातून जात नसे, कारण सकाळी मी मलकापूरला जाऊन आलेला असायचो. रिक्षा विकणारा बयाण्याशिवाय किल्ली दाखवायला तयार नव्हता. हातउसने कुणी देईना. मस्कतहून आलेल्याला पैसे लागतात यावर गावात कोण विश्वास ठेवणार!

सुट्टीच्या कागदावरची तारीख जवळ आली. आबांनी दोनदा विचारलं, 'रिक्षा कवा आणतूस?' मी दोनदा म्हणालो, 'बगतूय.' तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, मीच बोललो. डोहात, फळीला धरून.

'हाटेलच्या सायबानं परत बोलावलंय, आबा. पगार वाढवून देत्यात.'

आबांचा हात थांबला. फळी आपोआप थोडी वाहत गेली.

'जायाचं म्हणतूस?'

'दोन वरसं फक्त.'

'बरं,' आबा म्हणाले, आणि पुन्हा हात मारायला लागले. मला सगळं सांगून टाकायचं होतं. पण सांगायचं म्हणजे त्यांना सांगायचं, की तुम्ही आत्ता माझ्या रिक्षावर पडून पोहताय. पुढच्या क्षणी ते मला काठावर न्यायला लावणार, आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसणार. मी फळी पुढे ढकलली.

जाताना मी सगळ्यांच्या घरी जाऊन आलो. फलटणलाही गेलो. दत्तूच्या पोरीच्या हातून लाडवाचा डबा घेतला. वीस किलोतले अठरा किलो इतरांचे होते. खोलीत शिरल्यावर दत्तूनं डबा हातात घेतला आणि विचारलं, 'आबा तरंगलं का?' मी तरंगले म्हणालो. 'मग बरं झालं,' तो म्हणाला, आणि त्यानं मला चहाला हाक मारली.

पुढच्या चैत्रात आबा गेले. हॉटेलच्या ऑफिसात फोन आला. नव्या कराराचं पहिलं वर्ष, त्यात सुट्टीचं कलम नव्हतं. मी गावी पोचलो तो बऱ्याच महिन्यांनी. त्या दिवशीची हकिकत मला मास्तरांनी सांगितली, माझ्याकडे न बघता. चौघं आबांना घेऊन नदीकडे निघाले तेव्हा लोकांनी दारातून बघितलं आणि पुन्हा कामाला लागले. त्यांना वाटलं, उन्हाळा लागला, आबा पोहायला निघाले. घाटावर पंधरा-वीसच माणसं होती. बाकीचे दुपारी कळल्यावर धावत आले, तोवर सगळं आटपलं होतं. मास्तर स्वतःही दारातूनच बघणाऱ्यांत होते.

घरी आलो तेव्हा आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी जवळ जाऊन बसलो. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, 'तू गेल्याव एक डाव मी म्हनलं त्येस्नी, पोराला पत्र धाडून बोलवून घिऊ. तर नगं म्हनलं. म्हनलं, त्येला तिकडंच रमतंय. हितं आपल्यापाशी काय हाय त्येला धरून ठेवायला? आडवू नगंस.'

सगळं सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं. टेप, पंचावन्न किलो, रिक्षा, सगळं जिभेवर होतं.

'पर शेवटचं सुख लागलं बग त्येस्नी त्या फळीवर,' आई म्हणाली. 'आन् पैसाबी गेला न्हाई तुजा. फुकट आली न्हवं ती?'

मी व्हय म्हणालो. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. उन्हाळ्यात गावी गेलो की ती अजून विचारते, आणि मी अजून व्हय म्हणतो.